टिटवी बसेल तिथे

त्या मुलखात घर एका वर्षापुरतंच असे. पाऊस तोंडावर आला की टेकडीवरचा प्रत्येक जीव आपलं बीळ सोडून दुसरं धरी, आणि ते कुठे धरायचं हे टिटवी ठरवी.

ठरवी म्हणजे तोंडाने काही सांगे असं नव्हे. ती फक्त अंडी घाली. तिने माथ्यावर घातली की पाऊस फार, म्हणून सगळे वर सरकत. ओढ्याकाठी घातली की पाऊस बेताचा, म्हणून सगळे खाली उतरत. कारण खाली पाणी जवळ, कंद गोड आणि माती उकरायला मऊ. चार अंडी असली तर पाऊस चार महिने, तीन असली तर तीन. एवढंच ते शास्त्र होतं आणि ते आज्या-पणज्यांच्या काळापासून खरं ठरत आलं होतं. बिळांचे भावही त्याच शास्त्रावर हलत. वैशाखात टिटवी नुसती पाणी प्यायला ओढ्यावर गेली, तरी खालच्या बिळाला दोन गाल दाणे जास्त पडत. ती पाणी पिऊन वर परतली की तेच बीळ कुणी फुकट घेईना.

टिटवीला स्वतःचं घर नव्हतं. बीळ नाही, ढोली नाही, काटक्यांचं घरटंसुद्धा नाही. उघड्या माळावर वीतभर खळगा करायचा, त्यात अंडी घालायची आणि पिल्लं पळती झाली की खळगाही विसरायचा, असा तिचा संसार. आणि नेमका म्हणूनच तिच्यावर सगळ्यांचा भरवसा होता. जिला घरच नाही तिला घराचा लोभ कसला, असं जो तो म्हणे. टिटवीही असंच समजे. आपण जागा निवडत नाही, आपले तळवे निवडतात, असं तिला वाटे. जमिनीच्या पोटातली ओल तिला पायांच्या तळव्यांत कळे. ओल थंडगार लागली की पाय आपोआप चढाला लागत.

टेकडीला एक वाट होती. ओढ्यापासून निघून वळणं घेत माथ्यावर जाणारी. ती कुणी आखली नव्हती. पाय पडत गेले आणि झाली. तिचे दोन नियम होते. पहिला असा की वाटेच्या दोन्ही अंगांना शेपूटभर जागा मोकळी सोडायची, तिथे कुणी उकरायचं नाही. कुणाचं शेपूट हे वाडवडिलांनी सांगितलं नव्हतं, त्यामुळे दरसाल तंटा होई आणि शेवटी घोरपडीला बोलावून तिच्या शेपटाने माप घेतलं जाई, कारण सगळ्यांत लांब शेपूट तिचं. दुसरा नियम असा की वर जाणाऱ्याने वाटेतला एक खडा उचलून माथ्यावर नेऊन टाकायचा. त्यामुळे वाट पायांना कधी टोचत नसे, आणि माथ्यावर खड्यांचा असा सडा पडलेला असे की त्यात टिटवीची अंडी हुडकून काढणं मुंगसालाही जड जाई. वाट कशासाठी राखायची, हे म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. मोठं पाणी येतं त्या दिवशी वर पळायला. पण मोठं पाणी कुणी पाहिलेलं नव्हतं. आताच्या जीवांना वाट लागे ती सकाळी पाय मोकळे करायला, आणि आपलं बीळ कसं वाटेला लागून आहे हे पाहुण्यांना दाखवायला.

माथ्यावर टिटवीची एक सोबतीण होती. साळू. काट्यांचा भारा पाठीवर वाहणारी, चालीला मंद, बोलायला साधी. टिटवी अंडी घाली तेव्हा साळू दोन हातांवर येऊन बसे, तोंड अंड्यांकडे आणि पाठ जगाकडे. मुंगूस दिसलं की ती अंग थरथरवी, काटे खुळखुळत, आणि मुंगूस आल्या पावली परत जाई. खडा आणण्यातही तिची एक खोड होती. बाकीचे हाताला लागेल तो खडा आणत. साळू वाटभर शोधून अंड्याच्या आकाराचा, अंड्याच्या रंगाचा, ठिपके असलेला खडाच आणी. "मुंगसाने आधी हा चावावा," ती म्हणे, "म्हणजे त्याचे दात पडतील आणि मला हसायला होईल."

पण मागच्या साली साळू भर दुपारी पाणी प्यायला उतरली आणि तेवढ्यात मुंगसाने डाव साधला. टिटवी वरून ओरडत घिरट्या घालत राहिली. साळू धापा टाकत वर आली तेव्हा खड्यांमध्ये फक्त टरफलं होती. चारही गेली होती.

"माझं चुकलं गं," साळू म्हणाली. टिटवी म्हणाली, "तुझं काय चुकलं? तहान लागते." ती मनापासूनच म्हणाली होती. पण त्या रात्रीपासून पिकलेल्या करवंदात अळी असावी तशी एक गोष्ट तिच्या मनात राहिली.

त्या हिवाळ्यात खालच्या वळणावर घूस खणायला लागली.

घुशीला सगळे मावशी म्हणत. तिने आजवर कुणाशी भांडण केलेलं नव्हतं, आणि तिच्याइतकं खणणारंही कुणी नव्हतं. आतापर्यंत टेकडीवर ज्याचं बीळ तो खणी. मावशीने पहिल्यांदा आयती बिळं काढली. एक नाही, तीस. आत वळण, मागे दाण्यांचं कोठार, दारासमोर वाट. आयत्या बिळात शिरणारा म्हणून एकट्या नागोबाचं नाव उगाच खराब झालेलं आहे. आयतं बीळ नको असणारा जीव अजून जन्माला यायचा आहे. सगळे बघायला आले. शेपूटभर जागेचा प्रश्न निघाला तेव्हा मावशीने घोरपडीला कोपऱ्यावरचं बीळ देऊन टाकलं, आणि घोरपडीला आठवलं की आपल्या शेपटाला हल्ली चमक भरते. त्या वर्षी माप सशाच्या शेपटाने घेतलं गेलं.

पुढे तर मावशी वाटेच्या खालीच शिरली. "पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी चोपलेली माती आहे ही," ती म्हणे. "असं छत कुणाला मिळतं? थेंब गळायचा नाही." आणि ते खरंच होतं. नुसत्या हातांनी ठोकून पाहिलं तरी छत घट्ट वाजे.

आता एकच गोष्ट राहिली होती. टिटवी वर बसली असती तर त्या तीस बिळांत पाली राहायला आल्या असत्या.

वैशाख लागला आणि मावशी टिटवीला भेटायला आली.

"गेल्या साली फार वाईट झालं हो तुमचं, बाई," ती म्हणाली. "चारही?"

"चारही."

"आणि साळू होती ना राखणीला?"

"पाणी प्यायला गेली होती."

"हं," मावशी म्हणाली. "तिचा तरी काय दोष म्हणा. ज्याची त्याला तहान असतेच." मग सहज आठवल्यासारखं ती म्हणाली, "खाली वळणापाशी मी बोरीच्या काट्यांचं एक कुंपण घातलंय. आत बारीक वाळू आहे, करवंदीची सावली आहे. मुंगूस काय, मुंगसाचा बाप आत यायचा नाही. कुणासाठी केलंय असं नाही हो. रिकामंच आहे."

"अंडी कुठे घालायची ते माझ्या हातात नसतं, मावशी," टिटवी म्हणाली.

"ते का मला ठाऊक नाही?" मावशी म्हणाली आणि निघून गेली. तिने दुसऱ्यांदा विषय काढला नाही.

चार दिवस टिटवी वर-खाली करत राहिली. माथ्यावर उभी राहिली की तळव्यांना ओल लागे. नुसती ओल नव्हे, विहिरीच्या तळाशी असते तसली गार, खोल ओल. मुंग्यांनी पांढरी अंडी तोंडात धरून चढाला सुरुवात केली होती. तिला कळत होतं. अगदी स्वच्छ कळत होतं. पण माथ्यावर मागच्या सालची टरफलंही होती, वाऱ्याने उडत होती, आणि तिची नजर सारखी तिकडेच जाई. साळू तिथेच होती. तिला यंदा दोन पिल्लं झाली होती, आणि ती त्यांना चाटत होती. ही पुन्हा पाणी प्यायला गेली तर, असं टिटवीच्या मनात आलं. आता हिला दोघांचं बघायचं आहे, माझ्या चारांचं कुठवर बघेल?

पाचव्या दिवशी ती खाली उतरली. आत नुसतं बसून तर बघू, असं तिने स्वतःला सांगितलं. कुंपणाच्या आत वाळू गरम होती. बोरीचे काटे चहूबाजूंनी बाहेर तोंड करून उभे होते. तिने पंख सैल सोडले, आणि कितीतरी दिवसांनी तिची मान खांद्यात शिरली. अंडं आलं. त्या क्षणी तिला पहिल्यांदा कळलं की अंडी कुठेही घालता येतात.

बाभळीवर खार बसलेली होती. वैशाखात तिचं कामच ते. "खाली!" ती किंचाळली. "टिटवी खाली बसली! टिटवी खाली!"

संध्याकाळपर्यंत तीसच्या तीस बिळं गेली. चौथं अंडं आलं तोवर मावशीने आणखी वीस काढायला घेतली होती, आणि ती सगळी वाटेखाली.

साळू आली ती सगळ्यांच्या मागून. काट्यांमुळे तिला कुंपणाच्या आत येता येईना. ती बाहेरच टेकली. सवयीने तिने तोंडात एक खडा आणला होता, ठिपक्यांचा. तो तिने कुंपणाला टेकवून ठेवला.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "आता माझी गरज नाही तुला." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा मारणं तिला यायचंच नाही.

मग ती म्हणाली, "टिटवे, मी वरचं बीळ सोडू ना? मावशी म्हणते वाटेखालचं ऐसपैस आहे, दोघांना पुरेल. पण दोघं अजून मऊ आहेत गं, काटे धरले नाहीत अंगावर. वरून खाली एकदा आणीन तोंडात धरून. पुन्हा वर न्यायची वेळ आली तर नाही जमायचं मला. म्हणून विचारते. खालीच ना?"

टिटवीने चोचीने अंडं फिरवलं. मग म्हणाली, "अंडी कुठे आहेत ती दिसतायत ना तुला?"

"दिसतायत."

"मग?"

"मग काही नाही," साळू हसली. "तुझ्या तोंडून ऐकावंसं वाटलं, एवढंच."

ती थोडा वेळ थांबली. टिटवी अंडी फिरवत राहिली. साळू उठली आणि पिल्लं आणायला वर निघाली. चालताना तिचे काटे नेहमीसारखे खुळखुळत होते, आणि तो आवाज वळणाआड जाईपर्यंत टिटवीने मान वर केली नाही.

मी खोटं बोलले नाही, असं टिटवी स्वतःशी म्हणे. आणि ती खरंच खोटं बोलली नव्हती. अंडी कुठे आहेत, एवढंच तिने विचारलं होतं. उरलेला महिना तिने अंडी जितक्या वेळा फिरवली, त्याहून जास्त वेळा हे वाक्य फिरवून पाहिलं. ते कुठल्याही बाजूने खोटं निघेना, आणि तरी तिला ते पोटाखाली घेऊन बसवेना.

अंडी फुटली. चार पिल्लं निघाली, चारही धडधाकट. टिटवीची पिल्लं जन्मली त्याच दिवशी पळू लागतात. त्यांचे कोवळे तळवे जमिनीला लागले मात्र, आणि चौघांनी एका रांगेत चढ धरला. त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं. टिटवी त्यांच्या मागोमाग माथ्यावर गेली. जाताना वाटेवर खडे पसरलेले तिला दिसले. सगळे खालीच राहायला गेल्यामुळे वर जाणारं कुणी उरलं नव्हतं, आणि खडे उचलणारंही. तिने स्वतः एक उचलला, पण चोच त्याला पुरेना म्हणून ठेवून दिला.

मृग कोरडा गेला. आर्द्रांनी नुसते शिंतोडे टाकले. खाली सगळे टिटवीचं नाव काढून कंद खात होते. "आपली बाई चुकायची नाही," असं जो तो म्हणे. टिटवी माथ्यावर उभी राहून वाट बघे. पाऊस येऊच नये, आपले तळवे आयुष्यात एकदा तरी चुकलेले निघावेत, अशी आशा धरून. कुणा जाणत्याने स्वतःच्या मूर्खपणासाठी इतकं साकडं घातलं नसेल.

पुनर्वसूच्या तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी आलं. ओढा वाढत वर आला नाही, एकदमच आला, गढूळ आणि उंच, आणि सोबत मुळासकट झाडं. खालच्या बिळांतून सगळे बाहेर पडले आणि सगळ्यांना एकदम वाट आठवली. एकाच वेळी इतके पाय त्या वाटेवर कधीच पडले नव्हते. वरून पाय, खालून पाणी, आणि मधे पन्नास पोकळ बिळं. वळणावर वाट बसली. धाडकन्‌ नाही, पिकलेल्या भोपळ्यावर पाय पडावा तशी आत गेली. जे पुढे होते ते वर पोचले. मागचे बाजूच्या काटवणातून ओरबाडत चढले. बोरीचं कुंपण तेव्हा त्यांच्या आड आलं आणि काहींचे डोळे गेले.

साळू त्या दुपारी कंद उकरायला काटवणाच्या पल्याड गेली होती. दोघं आत निजली होती. ती परतली तेव्हा दार कुठे होतं हेच कळत नव्हतं. चिखल होता आणि त्यावरून पाणी वाहत होतं. ती उकरत राहिली. माथ्यावरून टिटवीला ती दिसत होती. टिटवी उडत खाली आली, तिच्या डोक्यावरून ओरडत घिरट्या घालत राहिली; मागच्या साली स्वतःच्या अंड्यांवर घातल्या होत्या तशाच, आणि त्यांचा उपयोगही तेवढाच झाला. पाणी गळ्याशी आलं तेव्हा साळू बाहेर निघाली. तिच्या पंजांना नखं उरली नव्हती.

पाणी ओसरल्यावर सगळे माथ्यावर जमले. टिटवीला वाटलं, आता आपल्या नावाने खडे फोडतील. तिला ते हवंसुद्धा होतं. पण तसं झालं नाही. उलट घोरपड जवळ येऊन म्हणाली, "बाई, मनाला लावून घेऊ नका."

"अंदाज तो अंदाज," मावशी म्हणाली. तिचीही चार बिळं गेली होती आणि ती ते सगळ्यांना सांगत होती. "निसर्गापुढे कुणाचं चाललंय?"

तेव्हा टिटवी मधल्या धोंड्यावर चढली. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "माझ्या तळव्यांना कळलं होतं. मोठं पाणी येणार हे मला ठाऊक होतं आणि तरी मी खाली बसले."

मग कुणीतरी हुंदका दिला. "ऐकलंत?" एक म्हातारा उंदीर म्हणाला. "ठाऊक असून बाई खाली बसल्या. आपल्या सोबत! वर एकटं सुखाने बसता आलं असतं त्यांना." आणि सगळ्यांचे डोळे भरून आले. खार बाभळीवर धावली आणि हे मोठ्याने सांगत सुटली. दोघी उंदरिणींनी टिटवीच्या पायांवर डोकं ठेवलं. टिटवी "नाही, तसं नव्हे," म्हणत राहिली, आणि ती जितकं तसं म्हणे तितका तिचा मोठेपणा वाढत गेला.

गर्दीच्या कडेला साळू बसली होती. टिटवीचं बोलणं जसंच्या तसं कळलेली ती एकटीच. ती टिटवीकडे बराच वेळ बघत राहिली. मग उठली आणि खाली गेली, बसलेल्या वळणापाशी. तिथे एका कपारीत ती राहू लागली. ते घर वर्षाचं नव्हतं आणि त्याला काही भावही नव्हता.

टिटवी अनेकदा त्या कपारीच्या वरपर्यंत जाऊन आली. चिखलावर तिच्या तीन बोटांची नक्षी उमटे आणि कपारीपासून दहा पावलांवर ती मागे वळलेली असे. काय म्हणायचं ते तिने शंभर वेळा जुळवलं होतं. दर वेळी तिला साळूचा तो जुना आवाज ऐकू येई, तुझ्या तोंडून ऐकावंसं वाटलं, एवढंच, आणि चोच मिटे.

हिवाळ्यात मावशीने माथ्यावर खणायला सुरुवात केली. आता खालचं कुणाला नको होतं. वर खडक होता, पण मावशी चिवट होती. वाट पुन्हा बांधावी असं एक-दोघांनी काढलं. पण वर राहायला गेल्यावर वर पळायची वाट कशाला, असं मावशीने विचारलं, आणि ते सगळ्यांना पटलं.

वैशाख आला. टिटवी ओढ्यापासून माथ्यापर्यंत चालली आणि तिच्या लक्षात आलं की तिला काही कळत नाही. ओल नाही, ऊब नाही, काहीच नाही. त्या दुपारपासून तळवे मुके झाले होते. बाभळीवर खार बसली होती, खाली सगळे माना वर करून उभे होते. मावशीने माथ्यावर कुंपण घालून ठेवलेलं होतं, मागच्यापेक्षा मोठं, आत वाळू. टिटवी त्याला वळसा घालून पुढे गेली. खाली बसणं तिला या जन्मी शक्य नव्हतं, एवढंच तिला कळत होतं. पाऊस किती, कुठे, हे आता तिला एखाद्या दगडाइतकंच ठाऊक होतं. ती जुन्या जागी गेली, उघड्या माळावर. तिथे आता खड्यांचा सडा नव्हता. वर्षभर कुणी काही आणलं नव्हतं, आणि होते ते पावसाने वाहून नेले होते. कातळावर तिने चार दिवसांत चार अंडी घातली. ती लांबूनसुद्धा दिसत होती.

"वर!" खार ओरडली. "टिटवी वर!"

पाचव्या दिवशी सकाळी टिटवीला काटे खुळखुळल्याचा आवाज आला. ती ताठ झाली. वाट नसल्यामुळे साळू सरळ चढ चढून येत होती, नखं नसलेल्या पंजांनी, घसरत, थांबत. तिच्या तोंडात काहीतरी होतं. टिटवी अंड्यांवरून उठून बाजूला झाली. साळूने मान खाली केली आणि एक खडा अंड्यांच्या शेजारी ठेवला. अंड्याएवढा, अंड्याच्या रंगाचा, ठिपक्यांचा. त्याच्या खळग्यांत वळणावरचा चिखल वाळलेला होता.

"साळू," टिटवी म्हणाली.

साळू वळली आणि उतरू लागली. ती दिसेनाशी झाली. टिटवी उभीच राहिली. ऊन चढलं, अंडी तापायला लागली, तरी ती बसली नाही. दुपार कलली तेव्हा पुन्हा तोच आवाज आला, आधीपेक्षा हळू. साळूने दुसरा खडा आणला होता. तो पहिल्यापेक्षा किंचित लहान होता. तिने तो पहिल्याला लागून ठेवला, नाकाने थोडा सरकवला, दोन्ही एकमेकांना टेकतील असा. मग ती बसली नाही, तिने पाठ फिरवून काटे उभारले नाहीत. ज्या चढाने आली होती त्याच चढाने खाली गेली.

बाभळीवर खारीने डोळे बारीक केले. मोजलं. पुन्हा मोजलं.

"सहा!" ती किंचाळली. "टिटवीची सहा! सहा महिने पाऊस!"

खालून एकच गलका उठला. आजवर सहा कुणी ऐकलेली नव्हती. जे अजून विचारात होते त्यांनी पिल्लांना बखोटीला मारलं, दाण्यांनी गाल फुगवले आणि जिथे पाय मिळेल तिथून चढायला सुरुवात केली. मावशी सगळ्यांत उंच धोंड्यावर उभी राहून या, या म्हणत होती, आणि तिच्या मागे माथा चाळणीसारखा दिसत होता.

टिटवी अंड्यांवर बसली. थोड्या वेळाने उठली आणि नेहमीप्रमाणे चोचीने एकेक फिरवू लागली. चार उबदार लागली. दोन गार होती. तिने तीही फिरवली आणि पुन्हा पोटाखाली घेतली.